के-सहाचं नाव

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, मंगरूळपीरला आले तेव्हा उन्हाळा तापायला लागला होता आणि घरी शेवया चालल्या होत्या. मुंबईहून अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे एस.टी., आणि रस्ता असा की पोटातलं पोर वाटेतच बाहेर येतं की काय असं वाटावं. आल्या आल्या मी मागच्या खोलीत आडवी झाले. तेवढ्यात आईनं माझी पिशवी सोडली. तिला वाटलं असेल, दुपटी-बिपटी असतील. निघाला एक जाडजूड गठ्ठा. दोन्ही कडांना भोकं असलेला, फिक्या हिरव्या पट्ट्यांचा, घड्या घातलेला एकच लांबलचक कागद. मी उठून अंगणात आले तर तो कागद दोन बाजांवर उलगडलेला होता आणि त्यावर शेवया वाळत होत्या.

"मले वाटलं रद्दी हाये," आई म्हणाली. "एका बाजूनं छापेल दिसलं, म्हनून कोऱ्या बाजूवर घातल्या."

तसं पाहिलं तर ती रद्दीच होती. मुंबईत मी नोकरी करायचे त्या संस्थेत संगणकाच्या प्रोग्रामची नवी प्रत छापली की जुनी टाकून देत, तीच मी उचलून आणली होती. पण मला ती हवी होती. मी शेवया एकेक करून उचलल्या, कागद झटकला आणि घडी घातली. आई पाहत राहिली. पोटुशी पोर सासरहून येते आणि आईच्या गळ्यात पडायचं सोडून रद्दी गोळा करते, हे तिला काही बरं वाटलं नाही.

माझ्या वडिलांचं मंगरूळला कापडाचं दुकान होतं. आम्ही जैन, पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडातले, घरात वऱ्हाडीच बोलणारे. वाशीमचा जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोला जिल्ह्यातले म्हणवून घ्यायचो. मी अमरावतीला आणि मग नागपूरला गणित शिकले, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले. तिथं संगणक होता. लग्न त्यानंतर झालं. नवरा कॉलेजात शिकवायचा आणि माझ्या नोकरीच्या आड कधी आला नाही, एवढं त्याच्याबद्दल सांगितलं तरी पुरे.

माझं काम काय, हे घरी समजावणं कठीण होतं. संगणकाला छपाईचं एक यंत्र जोडलेलं असतं. संगणकाचा वेग वेगळा, छपाईयंत्राचा वेगळा. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, तर मध्ये कुणीतरी लागतं. कागद आहे का, ओळ छापून झाली का, आता पुढची पाठवू का, हे सगळं विचारून पाहणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. छपाईयंत्राचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. हे मी एकदा वडिलांना सांगितलं आणि चूक केली. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगू लागले की पोरगी मुंबईले ड्रायव्हरचं पाहते. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, केनवडला दिलेली, तिनं तर तिकडे सगळ्यांना सांगितलं की भाची मुंबईत गाडी चालवते. त्यानंतर केनवडची माणसं मंगरूळच्या बाजाराला आली की दुकानात डोकावून विचारायची, गाडी कोणती, ट्रक का मोटार.

तो ड्रायव्हर मी लिहिलेला नव्हता. लिहिणारा माणूस परदेशी निघून गेला होता. जाताना त्यानं चालता प्रोग्राम ठेवला होता, पण तो माणसानं वाचण्यासारखा नव्हता. प्रत्येक जागेला नाव होतं ते के-एक, के-दोन, के-तीन असं. कशाचं के, कुणाला ठाऊक. बारा हा आकडा तीन ठिकाणी होता. एका ठिकाणी त्याचा अर्थ ओळ संपली, दुसऱ्या ठिकाणी तो यंत्राचा क्रमांक होता आणि तिसऱ्या ठिकाणी किती वेळा प्रयत्न करायचा ते. एका ओळीशेजारी टीप होती, "इथे वाट पाहा", आणि ती ओळ वाट पाहत नव्हती, सरळ पुढे निघून जात होती. पूर्वी कधीतरी पाहत असावी. ओळ बदलली, टीप तशीच राहिली.

काही बिघडलं की मला या जंगलात शिरावं लागे. म्हणून एकदा बैठकीत मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या, मी हे वाचण्यासारखं करते. प्रोग्राम करतो ते काहीच बदलणार नाही. फक्त नावं नीट देईन, आकड्यांना नावं देईन, खोट्या टिपा काढून खऱ्या घालीन.

आमचे विभागप्रमुख पुण्याकडचे होते. हुशार, शिस्तीचे आणि बोलण्यात सुरीसारखे.

"अहो, ते चालतंय ना?" ते म्हणाले. "चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही." मग इतरांकडे पाहून म्हणाले, "बायकांना सवयच असते. बसायच्या आधी जागा झाडून घेतल्याशिवाय चैन पडत नाही."

सगळे हसले. त्या खोलीत मी एकटीच बाई होते. हसला नाही तो एकच, माझ्या शेजारी बसणारा मद्रासकडचा सहकारी. तो पेनचं टोपण काढत आणि घालत बसला होता. मी वही मिटली. पण घरी जाताना सगळी वाट माझ्या डोक्यात तेच एक वाक्य होतं. झाडणं म्हणजे कमी दर्जाचं, हे यांना कुणी सांगितलं? आणि झाडायचंच असेल तर मी यांना विचारून झाडायचं का? त्याच आठवड्यात मी जुनी प्रत पिशवीत घातली. माझी रजा जवळ आली होती. संस्थेच्या वेळेत करू नको म्हणता, तर मी माझ्या वेळेत करते.

मंगरूळला मी रोज दुपारचं काम धरलं. दुकान आणि घर एकच, मध्ये फक्त पडदा. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा वडील गादीवर लवंडायचे आणि उरलेल्या गादीवर मी माझा कागद पसरायची. पांढऱ्या गादीवर तो लांब कागद उलगडला की खरंच एखादा तागा सोडल्यासारखं दिसायचं. उरुसाची खरेदी करायला आलेल्या एका म्हातारीनं हात लावून पाहिला आणि वडिलांना विचारलं की हा मांजरपाट कसा दिला.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होत आणि मग दिवा मंद. त्यामुळे जे करायचं ते उजेडी. मी आधी एकही नाव न बदलता सगळा प्रोग्राम वाचून काढला. पेन्सिलीनं समासात लिहीत गेले, ही ओळ काय करते, ती काय करते. एखादी ओळ कळायला कधी अख्खी दुपार जायची. के-सहा काय आहे हे कळलं तेव्हा मला हसू आलं. एवढा गाजावाजा, आणि तो फक्त एक प्रश्न होता. छपाईयंत्रात कागद आहे का?

मग नावं द्यायला बसले. आमच्या त्या संगणकात नाव सहा अक्षरांहून मोठं चालत नसे, तीही रोमन. इंग्रजी शब्द घ्यावे तर ते सहा अक्षरांत बसवायला स्वर कापावे लागत, आणि स्वर कापले की पुन्हा कोडंच. एका दुपारी मी के-सहा खोडून तिथं रोमन अक्षरांत "कागद" लिहिलं. बसलं. यंत्र थांबवणारी जागा होती तिला "थांब" लिहिलं. आणि यंत्राला क्षणभर उसंत देणारा एक छोटा तुकडा होता, आकडे मोजत बसायचा आणि दुसरं काही नाही, त्याला मी "दम" म्हटलं. दम घे, मग पुढे जा. साहेबांना हे मुळीच आवडणार नाही हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर त्यामुळे पेन्सिल जास्तच जोरात चालली.

पण एक नियम मी घालून घेतला होता आणि तो कडक पाळला. आम्ही लिहिलेल्या ओळी दुसरा एक प्रोग्राम वाचतो आणि त्यावरून कागदाच्या पट्टीवर भोकं पाडतो. यंत्र वाचतं ती भोकं. नावं आणि टिपा त्या भोकांत उतरत नाहीत. म्हणजे मी फक्त साफसफाई केली असेल, तर नवी पट्टी आणि जुनी पट्टी भोकाला भोक सारखी यायला हवी. एकही भोक इकडचं तिकडे झालं तर मी साफसफाईच्या नावाखाली काहीतरी बदललं. तसं मला करायचं नव्हतं. दोन ठिकाणी तोच तुकडा दोनदा लिहिलेला होता, एकात आणावा म्हणून हात शिवशिवत होते. नाही आणला. एका जागी प्रश्न उलटासुलटा विचारला होता, नाही असं नाही असं नसेल तर, अशा चालीचा. तोही तसाच ठेवला आणि शेजारी सरळ भाषेत टीप लिहिली.

आई दुपारची ताक घेऊन यायची आणि दारात उभी राहायची. एकदा बसली. तिनं नीट विचारलं, थट्टा न करता.

"हे केल्यानं मशीन जास्त चालन का?"

"नाही. होती तशीच चालन."

"मंग कायले करून राह्यली?"

"पुढच्या मानसाले वाचता यावं म्हनून."

"कोनता पुढचा मानूस?"

"मले काय मालूम. मी गेली का माया जागेवर कोनी तं येईन."

आईनं कागदाची कड उचलून पाहिली. मग म्हणाली, "म्हंजे ज्याले पाह्यलंच नाही त्याच्यासाठी डोये फोडून राह्यली. अन् पोटातल्यासाठी एक टोपडं शिवलं नाही अजून." ती चिडलेली नव्हती, पण तिनं जे म्हटलं ते खरं होतं. मी ताक प्यायले आणि पुन्हा पेन्सिल घेतली. टोपडी मग तिनंच शिवली, दुकानातल्या तुकड्यांची.

दिवस भरत आले तेव्हा माझं काम पुरं झालं. स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेली पानं वडिलांनी पोस्टात टाकली, मद्रासकडच्या सहकाऱ्याच्या घरच्या पत्त्यावर. मी त्याला कळवलं होतं की सवड मिळेल तेव्हा हे यंत्रावर चढव, पट्टी काढ आणि जुन्या पट्टीवर ठेवून खिडकीशी धर. उजेड सगळ्या भोकांतून आरपार आला तर माझी पानं कपाटात ठेव. एक जरी भोक बुजलेलं दिसलं तर फाडून टाक.

त्याचं कार्ड आलं तेव्हा मी बाळंत झाले होते. मुलगी झाली, हे वडिलांनी त्याला कळवलं होतं. कार्डावर एवढंच होतं की मुलीला आशीर्वाद आणि उजेड आरपार.

बाळंतिणीच्या खोलीचं सगळं आत्याच्या हातात होतं. ती केनवडहून खास त्यासाठी आली होती. खिडकी बंद, शेगडी, शेक, कानाला फडकं. वाचायचं नाही, वाऱ्याला जायचं नाही, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. तिनं माझं आणि पोरीचं फार केलं. तिचे तेलाचे हात मला अजून आठवतात. पण का, असं विचारलेलं तिला चालत नसे. का म्हटलं की ती म्हणायची, असंच असते. हे उत्तर मी मुंबईतही ऐकून आले होते, जरा शुद्ध भाषेत.

सव्वा महिना व्हायला थोडेच दिवस उरले होते. पाऊसकाळ होता, गल्लीत चिखल झालेला. सकाळीच पोस्टातला शिपाई आला आणि दारातून म्हणाला की बंबईहून बाईच्या नावानं ट्रंककॉल लागनार हाये, बाईलेच बोलावलं, दुसरं कोनी चालत नाही. मंगरूळात तेव्हा फोन मोजके आणि मुंबईचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ. आईचा चेहरा उतरला. शिपायाला माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं, की फोन ऑफिसातून आहे, घरून नाही.

आत्यानं दारात हात आडवा धरला. वडिलांनी जावं, निरोप घ्यावा आणि परत यावं, असं तिचं म्हणणं. वडील म्हणाले की तिच्या कामाचं मले काय समजते. आत्या म्हणाली, समजत नसन तर राहू दे, ऑफिसाले काही आग लागली नाही.

मी पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि उठले.

"आत्या, मी चालली."

"तुया मायनं असं केलं नाही, तुया आजीनं असं केलं नाही," ती म्हणाली.

"त्याइले फोन आला नाही."

आत्यानं हात काढला नाही. मी तो धरून बाजूला केला. मोठ्या माणसाला असा हात लावलेला आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता. आई पोरीला बाजेवर ठेवून उठली, मला वाटलं ती अडवणार, तर तिनं कोपऱ्यातलं लोकरीचं फडकं घेतलं, माझ्या कानांवरून घट्ट बांधलं आणि म्हणाली, "जा. पन वारं नको लागू देऊ." पोरगी रडायला लागली होती. मी मागं पाहिलं नाही.

पोस्टात बाकड्यावर बराच वेळ बसावं लागलं. मनिऑर्डर घ्यायला आलेले दोघे-तिघे माझ्या कानाच्या फडक्याकडे पाहत होते. फोन लागला तेव्हा ते फडकं मला सोडावंच लागलं, नाहीतर काही ऐकू येत नव्हतं. फोनवर मद्रासकडचा सहकारी होता. आवाज विहिरीतून यावा तसा. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं.

त्यानं सांगितलं ते असं. जुनं छपाईयंत्र काढून त्याच घराण्यातलं नवं आणलं होतं. नवं यंत्र एक पान छापायचं आणि थांबायचं. कागद भरलेला असूनही संगणक म्हणायचा, कागद संपला. दुसऱ्या दिवशी बाहेरची माणसं यंत्र पाहायला येणार होती. साहेबांनी त्याच्यापुढे के-एक, के-दोनवाली जुनी प्रत टाकली होती आणि तो त्यात शोधत होता. त्याला विचारायचं होतं की के-सहा पाहू की के-आठ.

त्या फोनवर के-सहा आणि के-आठ यांतला फरक ऐकू येत नव्हता. तो काय म्हणतो हे मी तीनदा विचारलं आणि तीनदा वेगळं ऐकू आलं.

मी म्हटलं, जुनी प्रत मीट. कपाटातून माझी पानं काढ. त्यात "कागद" शोध.

तो म्हणाला, साहेब समोर आहेत. मी म्हटलं, असू देत. मग ओरडून म्हटलं, कागद, कागद. तो पानं उलटत होता, मला ऐकू येत होतं. मिळाला, असं तो म्हणाला. मुंबईत राहून तो कागज म्हणायला शिकला होता, त्याला कागद अडला नाही. आता त्याच्याखाली पाहा, कागद नसेल तर कुठं जातं? तो म्हणाला, "थांब"ला जातं. हा शब्दही त्याला ठाऊक होता, बसमध्ये रोज ऐकत असे. मी पुन्हा ओरडले, "बरोबर, थांब, थांब," आणि पोस्टात खिडकीकडे निघालेला एक म्हातारा जागच्या जागी उभा राहिला.

तोवर माझ्या लक्षात आलं होतं. नवं यंत्र पान पुढे सरकवायला जरा जास्त वेळ घेत असणार. पान सरकत असताना आपण विचारतो, कागद आहे का, आणि त्या क्षणी तो जागेवर नसतो. मी त्याला म्हटलं की कागदचा प्रश्न विचारायच्या आधी एकदा "दम"कडे जा आणि मग विचार. एक ओळ घाल. दम कुठाय ते तुला शेवटच्या पानावर दिसेल, शेजारी टीप आहे. त्यानं एकदा विचारलं, दम म्हणजे काय, आणि मी सांगायच्या आत मध्येच एक्सचेंजच्या बाईनं वेळ संपल्याचं सांगितलं आणि फोन तुटला.

मी कानाला फडकं बांधलं आणि चिखलातून घरी आले. आत्यानं मला दारातच अंघोळीला पाठवलं आणि पुढे सव्वा महिना पुरा होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पोरीला मात्र तिनं एकही दिवस तेल लावायचं चुकवलं नाही. चार दिवसांनी तार आली की छपाई चालू आहे. वडिलांनी ती गिऱ्हाइकांना दाखवली. गाडी सुरू झाली, असं ते सगळ्यांना सांगत होते.

रजा संपवून मुंबईला गेले. पोरीला सासूबाई सांभाळणार होत्या. पहिल्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्या पानांवरून छापलेली नवी प्रत होती. मद्रासकडचा सहकारी बाजूला उभा होता.

साहेबांनी विचारलं की हात लावू नका असं सांगितलं होतं, आठवतं का. मी म्हटलं, आठवतं. मग हे काय? मी म्हटलं की एकही गोष्ट बदललेली नाही, आणि सहकाऱ्याकडून दोन्ही पट्ट्या मागितल्या, जुन्या यंत्राच्या वेळच्या. एकीवर एक ठेवून खिडकीशी धरल्या. साहेब उठून आले. माणूस काटेकोर होता. माझ्या हातातून त्यांनी पट्ट्या घेतल्या, स्वतः धरल्या आणि पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत सरकवत पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग गुंडाळून टेबलावर ठेवल्या.

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण प्रश्न भोकांचा नाही. तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं."

"हो सर. सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. दोनच वाक्यं लिहायची होती. मला मनाई केलेली असताना मी हे काम केलं. पुन्हा असं होणार नाही. खाली सही, आणि विषय संपला.

मी पेन घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि कागद परत सरकवला.

ते म्हणाले, "दुसरं राहिलं."

"ते लिहीत नाही सर. कारण पुन्हा होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सहकाऱ्याकडे, जणू तो मला समजावील. तो खिडकीबाहेर पाहत होता. दूध भरून आलं होतं आणि पोलकं ओलं होईल या धास्तीनं मी पदर ओढून घेतला होता. नोकरी जाईल असं मला त्या क्षणी खरंच वाटत होतं आणि जायची तर जाऊ दे, असंही वाटत होतं. त्या खोलीत हसलेली सगळी माणसं बाहेर आपापल्या टेबलांशी होती. यातल्या कुणालाही माझ्याइतका तो प्रोग्राम ठाऊक नव्हता, आणि जे मी केलं ते ज्याला झाडणं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं, पण पुन्हा झाडणार नाही असं मी सही करून का द्यावं?

नोकरी गेली नाही. महिन्याभरात माझी दुसऱ्या विभागात बदली झाली, जिथं पावसाच्या नोंदींची आकडेमोड चालायची. जागा कॉरिडॉरच्या टोकाला, संगणकाच्या खोलीपासून दूर. ड्रायव्हर मद्रासकडच्या सहकाऱ्याकडे गेला. माझी पानं फेकता आली नाहीत, कारण नव्या यंत्रासाठीची ती एक ओळ त्यातच होती. पण साहेबांनी हुकूम काढला की मराठी नावं काढून इंग्रजी घाला. मला राग आला, आणि पुढच्या माणसाला मराठी येईलच असं नाही, एवढं त्यात खरंही होतं म्हणून जास्त आला. सहकाऱ्यानं दोन दिवस बसून सगळी बदलली. पट्ट्या पुन्हा खिडकीशी धरल्या, मला बोलावून. उजेड आरपार आला. तेव्हा मी पाहिलं की "दम" तसाच राहिला आहे. मी विचारलं तर म्हणाला, राहून गेला असेल. मी त्याला अर्थ सांगितला, फोनवर राहिलेला. त्यानं दोनदा म्हणून पाहिला. नाव पुढेही त्यानं बदललं नाही.

दिवाळीला पोरीला घेऊन मंगरूळला आले. वडिलांना बदलीचं कळलं होतं. ते व्यापारी माणूस, गिऱ्हाइकाशी कधी वाद घालत नसत. सकाळी दुकान उघडायच्या आधी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले की पोरी, एक ओय लिहून द्याची होती. लिहिल्यानं काय झिजते आपलं?

"बाबा, जे खरं होतं ते म्या लिहून देलं. दुसरी ओय खोटी होती."

"खोटी काहून?"

"त्या नव्या ऑफिसात मले आत्तापासूनच तसंच एक दिसून राह्यलं. पावसाचे आकडे हायेत, अन् एकाही आकड्याले नाव नाही. मी काय तसंच ठेवीन का?"

त्यांनी पोरीचं टोपडं सारखं केलं.

"तुयं तुले मालूम," ते म्हणाले, आणि किल्ल्या घेऊन दुकान उघडायला गेले.